तिसऱ्या कडव्यातला बाप

डेल्मर स्टिडम मार्च महिन्यात मेला, रेडिओवर. त्या वेळी तो टायरच्या दुकानात उकिडवा बसून एका पिकअपचं चाक काढत होता.

गाणं त्याच्याच लेकीचं, कॉरीचं. गाणाऱ्यांचं शहर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन सहा वर्षं घासल्यावर आत्ता कुठे पोरीचं पहिलं गाणं केंटकीच्या डोंगरांत वाजायला लागलं होतं. पहिली दोन कडवी खरी, अगदी अक्षरन् अक्षर: दारू, घरातली आदळआपट, नऊ वर्षांच्या पोरीला शेजारी बसवून ओढ्यात घातलेली गाडी. तिसऱ्या कडव्यात मात्र बाप त्या ओढ्यातच मरतो. लेक थडग्यावर त्याची टोपी ठेवते आणि म्हणते, जा, तुला माफ केलं. प्रत्यक्षात या बाबाला साधं खरचटलंही नव्हतं! मोडलं ते कॉरीचं मनगट, आणि ते वाकडंच जुळलं.

दुकानातल्या होबार्टला आयताच विषय मिळाला. "काय रे डेल्मर, मेल्यावरही कामावर? मालक सुट्टी देत नाही वाटतं!"

डेल्मर हसायचा. दारू सोडून त्याला वर्ष होत आलं होतं. कॉरीला सहा पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. पण ते "माफ केलं" त्याने इतक्या वेळा ऐकलं की त्यावरच तो जगत होता. मरणबिरण रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी घुसडलं असेल, माफी तरी पोरीची स्वतःची असणारच, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. माणूस आशेला लागला की त्याला कोण समजावणार?

ऑगस्टमध्ये काउंटीच्या जत्रेत तिचा कार्यक्रम ठरला. डेल्मर गुळगुळीत दाढी करून, नवा शर्ट घालून दुपारीच पोचला आणि फोटोवर सही घेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला.

"नाव?" कॉरीने मान वर न करता विचारलं.

"डेल्मर."

तिचा हात थांबला. वाकडं मनगट फोटोवर तसंच राहिलं.

"चौदा महिने झाले, पोरी. थेंब नाही घेतला."

"कळलं मला. बरं केलंत, बाबा."

"गाणं झकास झालंय गं. ते शेवटचं तेवढं... कंपनीने लिहायला लावलं असेल ना? लोकांना रडवायला?"

"नाही." तिने आता त्याच्याकडे सरळ पाहिलं. "माझ्याबरोबर दोघं लिहायला बसले होते. ते म्हणत होते, बापाला जगू दे, शेवटी दारात भेटव. तीन दिवस बसलो, बाबा. माफ केलं म्हणून मला लिहिताच येईना. मग तुम्हाला मारलं, आणि दहा मिनिटांत कडवं झालं."

"पण माफ तर केलंस ना?"

"त्याला केलं. तो मेलाय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुम्हाला नाही जमत हो मला. खूप करून पाहिलं."

तिने फोटोवर नुसती सही करून तो त्याच्या हातात दिला. मागची बाई केव्हाची चुळबुळत होती. "आटपा की हो," ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिने कॉरीचे दोन्ही हात धरले. "माझेही वडील याच वर्षी गेले गं बाई."

डेल्मरने घरीच जायला हवं होतं. पण पाय निघेनात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला तो गर्दीत उभा राहिला. त्या गाण्याचं तिसरं कडवं आलं तसा गलका थांबला, आणि मैदानातल्या बाकी एकूण एक पुरुषाने डोक्यावरची टोपी काढली. तिच्या कार्यक्रमांत आता ही रीतच पडली होती.

शेजारच्या म्हाताऱ्याने डेल्मरला कोपराने ढोसलं. "टोपी काढ की भल्या माणसा! काही लाजलज्जा? पोरीचा बाप गेलाय."

"हो हो, चुकलं," डेल्मर म्हणाला. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि गाणं संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.