तिरपी रेघ

"मग माल कुणाचा, मास्तर?" रामहरीनं विचारलं. "गिऱ्हाइकानं लिवलं 'सु' माल खराब हाय. म्हंजे आमचा, का शेजारच्या कारखान्याचा?"

"शेजारच्याचाच म्हण की," सिद्रामप्पा म्हणाले आणि दोघंही हसले.

मी वहीत उत्तर शोधत होतो.

सिद्रामप्पांचा टॉवेलचा कारखाना होता. चौऱ्याहत्तर साली त्यांना एका परदेशी व्यापाऱ्याची स्पॅनिश पत्रं येऊ लागली. सोलापुरात ती भाषा जाणणारा म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी वाचनालयातला निवृत्त कारकून. दर रविवारी ते आणि त्यांचा कारकून रामहरी आमच्या ओसरीवर शिकायला बसत.

"आपण त्याची, तिची, तुमची असं वेगळं म्हणतो," मी पुन्हा सुरुवात केली. "त्यांच्यात सगळ्यांना एकच, 'सु'. त्यामुळे..." पुढचं आठवेना.

"शंका असेल तिथं 'सु' सोडून द्यायचा," स्वयंपाकघरातून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज आला. "आधी वस्तू, मागून माणूस. त्याची पिशवी असेल तर पिशवी 'डे एल', तिची असेल तर 'डे एय्या'. चिंतू, चहा घेऊन जा."

सिद्रामप्पा बघतच राहिले. "बाईस्नीबी येतंय की!"

"ऐकून ऐकून आलं असेल," मी म्हणालो.

कपबशांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक मी रद्दीतून आणलं होतं, हे खरं. सहाव्या धड्यावर मी ते मिटलं. गोदावरीअक्का सोळाव्या वर्षी विधवा होऊन घरी परतली होती. माझ्या शाळेच्या पुस्तकांवर ती इंग्रजी शिकली आणि पुढे अकरा वर्षं दुपारी जागून त्या पुस्तकाची ही मराठी वही तिनं केली. मी रविवारी ती वाचून दाखवत होतो, एवढंच.

"अक्षर लई सुबक," वही चाळत सिद्रामप्पा म्हणाले. "पन्नास प्रती काढू या. वर तुमचं नाव घालू. काय मास्तर?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो.

पंधरा दिवसांनी रामहरी गठ्ठा ठेवून गेला. मुखपृष्ठावर माझं नाव, खाली 'लेखक'. दुपारी अक्कानं वरची प्रत उचलली. नावावर तिची नजर गेली. ते मी पाहिलं. तिनं पान उलटलं, मग आणखी काही, आणि नवव्या पानावर थांबली.

"ह्या 'एल'वर तिरपी रेघ नाही."

"स्पॅनिश शब्द इंग्रजी टाइपरायटरवर काढलेत. त्यावर ती नसते."

"रेघ नसेल तर त्याचा अर्थ 'तो' होत नाही रे, नुसता इंग्रजीतल्या 'द'सारखा होतो. शिकणारे चुकतील."

"अक्का, त्या नावाचं मी सिद्रामप्पांना..."

"पेन्सिल दे आधी."

ती भिंतीला टेकून बसली. एकेक प्रत मांडीवर घेऊन नववं पान उघडायची, जिथं जिथं 'तो' अर्थाचा 'एल' असेल तिथं बारीक रेघ ओढायची आणि प्रत पालथी ठेवायची. अठरा झाल्या, वीस झाल्या. टोक बोथट झालं की न बघता हात पुढं करायची.

मी समोर बसून पेन्सिलीला टोक करून देत होतो.