पुडीबाबांची नजर आणि आत्याचा खोकला

ज्या दिवशी आत्याची अब्रू गेली, त्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती.

आत्या ही गल्लीत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याची सख्खी आत्या, पण सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. दारूबंदी समितीची ती अध्यक्ष. वाटेत दारूचं दुकान लागू नये म्हणून ती बाजारालाही वळसा घालून जायची. "बायको गेल्यापासून घरात कुढत बसतोस, चल," म्हणून तिनेच भाच्याला ओढत सभेला आणलं होतं.

मंचावर पुडीबाबा बसले होते. ते दारुड्याकडे नुसतं बघायचे आणि त्याच्या पोटातल्या दारूचा म्हणे निखारा व्हायचा. सभेच्या आधी आठवडाभर त्यांनी घरोघरी पुड्या वाटल्या होत्या. "ही आपली साधी साखर! काम करते ती माझी नजर!" दारुड्यांच्या बायका नवऱ्यांना न सांगता ती चहात घालत होत्या. दुसऱ्यांना पाजायची आणि आपण नामानिराळं राहायचं हे बरं नव्हे, म्हणून समितीने ठराव करून स्वतःही रोज पुडी घ्यायला सुरुवात केली होती.

सगळ्यात आधी गल्लीतला पिणारा बेकरीवाला मंचावर आला. बाबांनी त्याला झाकणभर दारू दिली.

"घे बेटा, लाजू नकोस."

"लाजतंय कोण?" बेकरीवाल्याने झाकण चाटूनपुसून साफ केलं. "एवढीशीच?"

बाबांनी डोळे वटारले. मग ब्रह्मांड, सूर्य आणि स्वतःची बुबुळं यांच्या नात्याबद्दल ते बराच वेळ बोलत राहिले. तेवढ्यात बेकरीवाला कानापासून मानेपर्यंत लाल झाला, छाती धरून वाकला आणि बादलीत भडाभडा ओकला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच्या बायकोने आनंदाने डोळे पुसले. चष्मेवाल्याला मात्र एक गोष्ट खटकली. बादली आधीच आणून ठेवलेली होती.

मग अध्यक्षीय भाषण. आत्या उभी राहिली, "बंधूंनो" म्हणाली आणि खोकू लागली. पर्समधून खोकल्याच्या औषधाची बाटली काढून तिने दोन मोठे घोट घेतले आणि दारूवर तुटून पडली. बोलता बोलता तिचं नाक लाल झालं, मग गाल, मग मान. शब्द अडखळू लागले.

पुडीबाबांनी ही बाई कोण, काय, कशाचीच चौकशी केली नाही. ताडकन उठून बोट रोखलं. "नजरेने चोर पकडला! ही बाई पिते!"

"मी?" आत्या किंचाळली. "अरे मेल्या, मी पिते?" आणि तिनेही बादली जवळ केली.

"तरीच! वळसा घालून जायची ती!" मागून कोणीतरी म्हणालं. "मागच्या दाराने घेत असणार!"

आत्या मटकन खाली बसली. हात गार पडलेले, छाती धडधडत होती. बाबा म्हणाले, "आणखी एक पुडी द्या, सगळं पाप बाहेर पडेल."

चष्मेवाला माणसं ढकलत मंचावर गेला. त्याची बायको हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्यायची. गुडघा दुखला म्हणून शेजारणीने प्रेमाने दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्या दोन्हींचं जमलं नाही आणि पोटात रक्तस्राव झाला. "याबरोबर आणखी काय घेत होत्या?" असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा फार उशीर झाला होता. आता तोच प्रश्न त्याच्या तोंडून निघाला.

"आत्या, पुडीबरोबर आणखी काय घेतलंस?"

"खोकल्याचं औषध! तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते, दुसरं काही नाही!"

त्याने बाटली डोळ्यांजवळ धरली. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: अल्कोहोल.

समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई धावत आल्या. बेकरीवाला आणि आत्या दोघांनाही उचलून नेलं, सलाईन लावलं. आत्याचा रक्तदाब वर यायला बराच वेळ लागला. चष्मेवाला तोवर तिचा हात धरून बसला होता. दोघं ठीक आहेत असं कळल्यावर डॉक्टरीणबाई सभागृहात परतल्या. गर्दी हललीच नव्हती.

"बाबा, तुमची नजर पाहायची आहे. पुडी न घेतलेला कोणी पिणारा आहे का?"

रंगारी हात वर करून पुढे आला. "मी! मला बायको नाही, चहात कोण घालणार?"

त्याला झाकणभर दारू दिली. बाबांनी डोळे वटारले. रंगारी वाट बघत बसला.

"काही होत नाही, महाराज."

बाबांनी आणखी वटारले. त्यांचेच डोळे लाल झाले.

"तुम्ही बघत राहा," रंगारी म्हणाला, "मी आणखी घेतो. नजर लागेपर्यंत दोघांनीही थांबायचं नाही!"

सभागृह हसून कोसळलं. त्या गडबडीत बाबा मागच्या दाराने पसार झाले.

तपासल्यावर पुडीत साखरेबरोबर दारू सोडवण्याच्या गोळीची भुकटी निघाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून समजावलं, "ही गोळी पोटात असली की शरीराला दारू पुरती पचवता येत नाही. अर्धवट पचलेलं विष रक्तात साठतं. मग ती दारू ग्लासातली असो की खोकल्याच्या बाटलीतली. हृदय कमजोर असेल तर माणूस जातो. पुड्या आजच बंद करा, पण असर पुढे काही दिवस राहतो, तोवर थेंबही नको. ही गोळी डॉक्टरने, माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून मला आणून दाखवा. पीत असाल तर तेही सांगा. मी बायकोला सांगणार नाही."

"आणि मला?" आत्याने दरडावलं.

"तुम्हाला तर मुळीच नाही."

चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारावं: या माणसाच्या पोटात आधी काय गेलंय?

पुड्या बहुतेक घरांतून परत आल्या. बेकरीवालीची आलेली नाही; ती अजून चहात घालते आणि नवऱ्याला वाटतं, पुडी केव्हाच परत गेली. "सांगितलं तर तो घेणार नाही, आणि नाही घेतली तर पिईल," ती म्हणते. "न सांगता देत राहिलात तर एक दिवस पिईल आणि उठणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी तिला तोंडावर सांगितलं आहे. चष्मेवाला रोज पाव आणायला जातो आणि विचारतो, "सांगितलंत का त्याला?" ती म्हणते, "सांगते हो, भाऊजी."

तिने अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही.