सासूबाईंची माफी

वेल्डरनं मेव्हण्याच्या घराचा लोखंडी जिना चोरला, पण त्याला खरी शिक्षा झाली ती चोरीची नव्हे. सासूबाई माडीवर अडकल्या, त्याची.

जिना त्यानंच घडवून मेव्हण्याला भेट दिला होता. मेव्हणा चारचौघांत म्हणाला, "जिना वाकडा आहे." वेल्डरचं डोकं फिरलं. भर दुपारी त्यानं जिना कापला, हातगाडीवर घातला आणि घरी नेला. माडीवर सासूबाई झोपल्या होत्या. उठून बघतात तर दारापुढे पाऊल टाकायला जागाच नाही! अग्निशामक दलानं त्यांना खाली उतरवलं, तेव्हा त्या जावयाला जे बोलल्या ते कोर्टात पुन्हा बोलल्या. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, पण लिहून घ्यायला नकार दिला. चोरीचे काही महिने आणि माणूस कोंडल्याची पाच वर्षं अशी शिक्षा झाली.

तुरुंगात तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. कैदी पाळीपाळीनं झोपत. मग कायदा बदलला. किरकोळ गुन्ह्याला कैद नको, दंड भरा, रस्ते झाडा, घरी जा. सायकलचोर गेले, खिसेकापू गेले, खोट्या सह्या करणारे गेले. बघता बघता बराकी ओस पडल्या आणि एकटा वेल्डर उरला, कारण माणूस कोंडणं नव्या कायद्यातही किरकोळ नव्हतं. सुटायची वाट एकच होती. ज्याला कोंडलं त्यानं माफ करायचं.

शिपाई मात्र होते तेवढेच होते. सकाळी सगळे रांगेत उभे राहून वेल्डरला मोजत. एकदा एका हवालदाराची मोजणी दोन भरली, तर दुपारपर्यंत दुसऱ्या कैद्याचा शोध चालला. वेल्डरही बिचारा शोधायला गेला.

एक दिवस जेलरसाहेब कोठडीत येऊन त्याच्या शेजारी बसले.

"तू गेलास तर तुरुंग बंद होईल. आम्ही उघड्यावर पडू रे."

"साहेब, घरी माझी बायको आहे."

"बायको मलाही आहे. दिवसभर घरी कसा बसू?"

वेल्डरला त्यांची दया आली. पण बायको भेटीला आली की त्याचा जीव तुटे.

"आई काय म्हणते?" तो जाळीआडून विचारी.

"सडू दे, म्हणते. पाय धरले मी तिचे. ती पायच आखडून बसली."

सासूबाई विरघळतील की काय, या धास्तीनं जेलरसाहेब इस्त्रीचा गणवेश घालून थेट त्यांच्या घरी गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, काही झालं तरी जावयाला माफ करू नका."

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना सासूबाई फाटकातून तरातरा आत आल्या. मागून बायको धावत होती.

"कोण तो जेलर? माझ्या घरी येऊन मला शिकवतो? माझ्या नवऱ्याची कधी टाप झाली नाही मला असं कर, तसं करू नको म्हणायची! केलं माफ. आत्ताच्या आत्ता सोडा त्याला!" मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. जिना वाकडाच होता."

वेल्डरचे कान तापले. उत्तर जिभेवर आलं होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

"हो, आई," तो म्हणाला.

जेलरसाहेबांना हुंदका फुटला. तुरुंगात मागे कुणीच उरलं नव्हतं, म्हणून सगळे शिपाई वेल्डरला पोचवायला बसथांब्यापर्यंत गेले. बस आली. एका माणसाभोवती एवढे गणवेश पाहून ड्रायव्हरनं विचारलं, "किती खून केलेत यानं?" आणि उत्तराची वाट न बघता बस पळवली.

मग वरात पायीच निघाली. पुढे सासूबाई, मागे जावई आणि लेक, त्यांच्यामागे अख्खा तुरुंग. वाटेत म्हातारा हवालदार वेल्डरला गाठून हळूच म्हणाला, "आम्हाला दारं लावण्याशिवाय काही येत नाही रे."

"वेल्डिंग शिकवीन की," वेल्डर म्हणाला. "उद्यापासून या."

बायकोनं मागे वळून ती रांग पाहिली.

"उद्यापासून, बरं का," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आज नाही."