वरची चिमूट

मी एक माप बोलतोय. जन्माने सिगारेटचा डबा. गोल, पत्र्याचा, पन्नास सिगारेटी मावतील एवढा. त्या कुणी ओढल्या ते आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती उरेदियाच्या हातात, मिठाच्या वासाने.

उरेदिया आमच्या उमुकामा गावच्या बाजारात मीठ आणि कसावा नावाच्या कंदाचा रवा विकायची. बाजार दर चार दिवसांनी भरे. आमच्याकडे तराजू नसतो, माझ्यासारखा डबा हेच माप. तो शीग लावून भरायचा, टोपलीत ओतायचा आणि वरून एक चिमूट तशीच घालायची. ती चिमूट दिली नाही तर गिऱ्हाईक दुखावतं. आपल्याला परकं केलं असं समजतं.

काही विक्रेत्या डब्याचा तळ खालून ठोकून आत ढकलत. माप वरून भरलेलं दिसे, पोटात कमी मावे. म्हणून बायका आधी डब्यात बोट घालून बघत. उरेदियाच्या डब्यात मात्र कुणी बोट घातलं नाही. एगोयिबो नावाची तिची जुनी गिऱ्हाईक हसून म्हणायची, "हिच्या डब्यात बोट घालायचं? त्यापेक्षा सख्ख्या आईला विचारीन, तू खरंच माझी का गं म्हणून!"

हे ऐकून मला अभिमान वाटे. पत्र्याला अभिमान कसला, पण वाटे.

मग लढाई आली. नायजेरियातून फुटून निघालेल्या आमच्या बियाफ्राला वेढा पडला, रस्ते तुटले, मीठ दिसेनासं झालं, शाळेत निर्वासितांची छावणी पडली. दुधाची भुकटी पोत्यांनी येऊ लागली. छावणीचे प्रमुख अनोझी मास्तर. त्याच शाळेत ते धर्माचे धडे शिकवत. त्यांनी उरेदियाला बोलावलं. म्हणाले, "माझ्यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत आजी, तुझ्या डब्यावर ठेवतील."

रोज सकाळी एका मुलामागे एक डबा. शेवटी वरची चिमूटही. ती सवय तिला सोडवेना.

काही दिवसांनी लष्करी अधिकाऱ्यांची जीप येऊ लागली. आधी एक पोतं गेलं, मग दोन दोन. रांगेतली शेवटची मुलं रिकाम्या वाटीने परतू लागली.

"आजी, तळ जरा वर घे," मास्तर एकदा हळूच म्हणाले. "पेरभरच. मग सगळ्यांना पुरेल."

"जीपवाल्यांना नाही म्हणा ना!"

"म्हणतो. उद्या मला आघाडीवर धाडतील. बंदूकही देणार नाहीत, लाकडाचा दांडका देतील." ते हसले.

"मी नाही ठोकणार, मास्तर."

त्या वेळी मी सुटलो असं मला वाटलं.

मग उपासमारीने तिची नात ओलान्मा सुजली. आधी पाय, मग तोंड. केस तांबूस पडले. ती रडेनाशी झाली, तेव्हा उरेदिया घाबरली. मास्तर दारात आले. ते नुसते उभे राहिले असते तरी चाललं असतं. पण ते बोलले, "पोरीला रोज जादा दूध देतो. तू फक्त..."

उरेदियाने मला पालथं घातलं आणि मुसळाच्या टोकाने एकच घाव घातला. तळ माझ्या पोटात शिरला.

ओलान्मा हळूहळू वाचली. हे मी लपवत नाही.

त्यानंतर उरेदिया वरची चिमूट मोठी घालू लागली. बायका म्हणत, "देव तुझे हात असेच सढळ ठेवो!" ती मान वर करत नसे. एगोयिबो धाकट्याला कडेवर घेऊन रांगेत यायची. तो दिवसेंदिवस हलका होत गेला. एका सकाळी ती एकटीच आली, सवयीने रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर म्हणाली, "माझं नको आता. मागच्या पोराला घाल."

त्या पेरभर दुधाने तो वाचला असता का? इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटसुलट करतोय. उत्तर सापडत नाही, आणि ते सापडत नाही म्हणून मला जरा बरं वाटतं. याचीच मला लाज वाटते.

लढाई संपली. उरेदियाने आतून ठोकून माझा तळ सरळ केला. मधे बोटाच्या सांध्याएवढा उंचवटा राहिलाच. बाजार पुन्हा भरला. ओलान्मा आजीशेजारी धुळीत खेळत होती, तेव्हा एगोयिबो आली. तिने मला उचललं. आणि आयुष्यात पहिल्यांदा आत बोट घातलं.

बोट उंचवट्यावर थांबलं.

"हे कधीचं?"

उरेदिया मिठाच्या पोत्याचं तोंड सारखं करू लागली.

"दुधाच्या वेळचं?"

उरेदियाने खाली बघितलं. एगोयिबोने ओलान्माकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला असता तर फार बरं झालं असतं.

"भर," ती म्हणाली.

उरेदियाने डबा भरला, तिच्या टोपलीत ओतला आणि वरची चिमूट उचलली.

एगोयिबोने टोपली मागे घेतली. "वरचं नको."

उरेदियाने त्यानंतर काही विकलं नाही. आता ती नाही. ओलान्माला स्वतःची नातवंडं आहेत. मी तिच्या खिडकीत गंजत पडलोय. ती मला टाकत नाही, वापरतही नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो: माप कितीही विश्वासाचं असो, आत बोट घालून बघा. त्या रांगेत एकीने जरी घातलं असतं, तरी त्या सकाळी एगोयिबो कदाचित एकटी आली नसती.