काम चालू आहे, आत येऊ नये

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. मला वजन नाही, वास नाही, कुणी मला कधी पुसून फडताळात ठेवले नाही. तरी माझेही वय होते आणि मीही थकते. वेबसाइट म्हणजे दुकानाचे असे दार, जे जगातल्या कुठल्याही घरातून उघडता येते. मी ज्या दुकानाचे दार होते ते दुकान आता राहिलेले नाही. ते कसे गेले, ते तुम्हाला सांगते.

दुकान जोड्यांचे होते. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, ज्यांचे पाऊल आत वळलेले असते, ज्यांच्या दोन पावलांची मापे जुळत नाहीत, अशांसाठी एक कारागीर तिथे हाताने जोडे करत. खिडकीशी लांब बाक, त्यावर सुऱ्या, कानशी आणि सरसाचा डबा. मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाकडाची पावले. आधी गिऱ्हाइकाच्या पावलाचा हुबेहूब लाकडी साचा करायचा, मग त्यावर चामडे ताणून जोडा शिवायचा, अशी त्यांची पद्धत. मूल वाढले की साच्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून साचाही वाढवायचा. म्हणून ते एकही साचा टाकत नसत. माणसाचे नाव विसरत, पण पाऊल विसरत नसत.

मला घडवले त्यांच्या मुलीने. ती त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. आणि तिला ताई.

ताई बाकाच्या कोपऱ्यावर संगणक ठेवून बसायची. बाबा काम करता करता बोलायचे आणि ती ते जसेच्या तसे लिहून घ्यायची.

"बाबा, गिऱ्हाईक आल्या आल्या काय विचारतं?"

"विचारतं कुठे? आधी पाय लपवतं. मग हळूच म्हणतं, मुलीचा एक पाय आखूड आहे, जोडा मिळेल का?"

ताईने तेच वाक्य माझ्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले. खाली बाबांची उत्तरे लिहिली. माप कसे घ्यायचे, टाच किती उचलायची, मूल रडले तर काय करायचे. मी दिसायला मात्र यथातथाच होते. रंग शेवाळी, ओळी दाट, आणि एका फोटोत तर बाबांच्या अंगठ्याला गुंडाळलेली चिंधीच तेवढी स्पष्ट आली होती.

पण मी सापडायची. कशी, ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. तुम्ही फोनवर प्रश्न लिहिता आणि क्षणात उत्तरांची रांग येते. ती रांग शोधयंत्र लावते. त्याचे निरोपे अखंड दारोदार हिंडत असतात. ते प्रत्येक वेबसाइटमध्ये शिरतात, पाने वाचतात आणि कुणाकडे काय मिळते ते ध्यानात ठेवतात. ते मुख्यतः शब्द वाचतात. माझ्याकडे शब्द भरपूर होते, आणि काळजीत पडलेले आईबाप लिहितात तसेच होते. म्हणून त्या रांगेत मी सर्वांत पुढे उभी असायची.

किती जण आले म्हणून सांगू! त्यातली एक लहान मुलगी मला विसरता येत नाही. आईच्या पदराआड लपली होती. बाबा तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"यातला खोडकर पाय कुठला गं?"

तिने पदराआडूनच बोट दाखवले. "हा. हा दुसऱ्याला पुढे जाऊच देत नाही."

"बघू या त्याला वठणीवर आणता येतो का. रंग कुठला हवा?"

"लाल."

लाल जोडे तयार झाले त्या दिवशी ती बाकापासून दारापर्यंत पळत गेली, परत आली, पुन्हा पळाली. तिची आई तोंडावर हात धरून बघत राहिली. बाबा प्रत्येक जोड्यात तळाच्या चामड्याखाली एक चिठ्ठी चिकटवत. तिच्यावर माझा पत्ता छापलेला असे. "जोडा लहान झाला की या. साचा इथेच आहे," ते म्हणाले.

माझे चांगले दिवस ते. पुढे ताई नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. लोक संगणकाऐवजी फोनवर मला उघडू लागले, आणि तिथे माझी दाट अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली. रांगेत नव्या, देखण्या वेबसाइटी पुढे घुसल्या आणि मी थोडी मागे सरकले. एकदा ताईचे मामा दुकानात आले. त्यांनी मला डोळ्यांजवळ धरून पाहिले.

"भावोजी, ही वेबसाइट आहे की औषधाच्या बाटलीवरचा कागद? वाचता वाचता पेशंट जायचा!"

"मजकूर चांगला आहे," बाबा म्हणाले.

"मजकूर दिसला तर ना! जग बघा कुठे चाललंय. मी माणूस पाठवतो."

मामा वाईट नव्हते, मित्रांनो. दुकान चालावे असेच त्यांना वाटत होते. त्यांनी पाठवलेला माणूसही कामसू होता. गळ्यात हेडफोन असायचे, म्हणून घरात त्याला सगळे हेडफोनवाले म्हणत. त्याने ताईचा एकही शब्द टाकला नाही. अक्षरे मोठी केली, ओळी सुट्या केल्या, शेवाळी रंग खरवडून पांढरा दिला, बाबांच्या हातांचे सुंदर फोटो काढले. इतकी देखणी मी कधीच नव्हते.

काम सुरू करताना त्याने एक गोष्ट केली. ती शहाणपणाचीच होती. घराला रंग देताना आपण दारावर पाटी लावतो ना, 'काम चालू आहे, आत येऊ नये'? तशीच पाटी त्याने मला लावली. अर्धवट पाने पाहून शोधयंत्राच्या निरोप्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून. ती पाटी माणसांना दिसत नाही, फक्त निरोप्यांना दिसते. माझ्या पोटात, पुष्कळ बटणांच्या मागे, एका छोट्या चौकोनात एक खूण केली की ती लागते. खूण काढली की ती निघते.

काम संपले. हेडफोनवाल्यांनी मला सर्वांसमोर उघडून दाखवले. ताईच्या आईंनी सगळ्यांना चहा दिला. मामा म्हणाले, "आता बघा गर्दी!" हेडफोनवाले पुढच्या कामाला गेले. खूण काढायची राहून गेली.

निरोप्या आला, पाटी वाचून मागे फिरला. दुसरा आला, तोही फिरला. मी आतून ओरडत होते, पण आम्हाला आवाज नसतो. मग त्यांनी आपल्या ध्यानातून माझे नाव पुसून टाकले.

गिऱ्हाईक कमी झाले, मग यायचेच थांबले. बाबा रोज सकाळी दुकान उघडले की एका बोटाने माझा सबंध पत्ता टाइप करत. मी लगेच उघडायची. "दिसते की," असे म्हणून ते फोन बंद करत. ताईही तिकडून पत्ता टाकूनच मला उघडायची. आईही तसेच करायच्या. ज्यांना माझा पत्ता पाठ होता त्या सगळ्यांना मी दिसत होते. ज्यांना पाठ नव्हता, त्यांच्यासाठी मी जगातच नव्हते. आणि घरात तर सर्वांना पत्ता पाठ होता.

"इतके पाय एकदम बरे झाले की काय?" एकदा आई म्हणाल्या.

"झाले असतील तर चांगलंच आहे की," बाबा म्हणाले, आणि हसायला गेले.

पण ते हसू त्यांना जमले नाही. हळूहळू त्यांनी मनाशी धरले, की आपल्या कामाची लोकांना गरज उरली नाही. मामांनीही समजूत घातली. "आता असले जोडे मशीनवर होत असणार, भावोजी. मनाला लावून घेऊ नका." बाबा सुऱ्यांना धार लावायचे आणि तशाच ठेवून द्यायचे. शेवटी त्यांनी दुकान सोडले. बाक एका सुताराने नेला. साच्यांचे काय करायचे, हे कुणालाच कळेना. लाकूड सुके होते. शेजारच्या बेकरीवाल्याने भट्टीसाठी मागितले. बाबांनी एकेक पाऊल फळीवरून उतरवले आणि टोपलीत ठेवले. फेकले नाही, ठेवले.

गिऱ्हाइकांनी निरोप लिहायची एक जागा माझ्यात आहे. त्यानंतर तिथे काही ओळी आल्या. दूरवर नोकरीच्या गावी ताईने त्या वाचल्या. लाल जोड्यांच्या मुलीची आई लिहीत होती:

"माझा फोन हरवला, त्यात तुमचा नंबर गेला. दुकानाचं नाव आठवेना, परक्या शहरातली ती गल्लीही आठवेना. पहिल्यांदा जे लिहून तुम्ही सापडला होतात तेच पुन्हा पुन्हा लिहून शोधलं. नाही सापडलात. विकतच्या बुटाला रबर चिकटवून दिलं तर ती पडायला लागली. आता खेळाच्या तासाला बसूनच राहते. काल जुने जोडे टाकायला काढले, तर तळाखाली ही चिठ्ठी निघाली. साचा आहे ना अजून?"

ताईने त्या बाईंचे शब्द शोधात लिहून पाहिले. एक पान उलटले, दुसरे उलटले, उलटत राहिली. मी कुठेच नव्हते. मग ती माझ्या पोटात शिरली, आणि त्या छोट्या चौकोनापाशी तिचे बोट थांबले.

तिने घरी फोन लावला. बाबांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे लोकांना नको होतं, असं नाही?"

"नाही, बाबा. ते शोधत होते. त्यांना आपण दिसतच नव्हतो."

मग बाबा म्हणाले, "साचे दिले गं मी."

ताईने खूण काढली. निरोपे परत आले. आता मी देखणीही आहे आणि माझ्याकडे ते जुने शब्दही आहेत. रांगेत मी पुन्हा सर्वांत पुढे उभी असते. रोज कुणीतरी येते. पण ताईला माझ्या पहिल्या पानावर एक नवी ओळ लिहावी लागली आहे: 'दुकान बंद झाले आहे. जोडे मिळणार नाहीत.' लोक ती वाचतात. पुष्कळ जण दोनदा वाचतात. मग खाली बाबांनी सांगितलेले माप घेण्याचे पान उघडतात, आणि ते माप कुणाला द्यायचे हे न कळून निघून जातात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी घडवाल. ते सुंदर झाले की थोडे थांबा. घरच्या माणसासारखे पाठ असलेल्या वाटेने त्याच्याकडे जाऊ नका. ज्याला तुमचे नावही ठाऊक नाही, अशा एखाद्या परक्याच्या वाटेने एकदा या, आणि दारावर कामापुरती लावलेली पाटी तशीच राहिली नाही ना, ते बघा. आणि कुणी येत नाही म्हणून आपण कुणाला नकोसे झालो, असे ठरवण्याआधीही बघा.

बाबा आता मला उघडत नाहीत. आज सकाळी कुणीतरी लिहिले, 'मुलाचा एक पाय आखूड आहे, जोडा मिळेल का?' निरोप्याने त्यांना थेट माझ्या दारात आणून सोडले. मी उघडले, आणि माझ्याजवळ होती ती ओळ त्यांना दाखवली.