पाणी घातलेलं माप

कोडोलीच्या दूध संस्थेत आकारामआबांनी तीस वर्षं दुधातलं पाणी पकडलं. सख्ख्या मेव्हण्याची किटलीसुद्धा त्यांनी चारचौघांत परत धाडली होती.

अठ्ठ्याण्णव साली जुलाब-उलट्यांनी ते चार दिवस घरीच पडून राहिले, वर गुडघेदुखीच्या गोळ्या घेत राहिले, आणि मूत्रपिंडांनी काम थांबवलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, संयोगिताला, सगळं समजावलं. रोजची लघवी मोजायची. काल जितकी झाली तितकं, आणि वर अर्धा लिटर, एवढंच पाणी आज द्यायचं. लघवी वाढली तर ठीक, नाही तर डायलिसिस.

आबा भांडं घेऊन स्वतःच संडासात जात. दिवसाची बेरीज संयोगिता वहीत लिही. दीडशे मिली. दुसऱ्या दिवशी एकशे चाळीस. लिहिताना तिचा चेहरा उतरे.

तिसऱ्या दिवशी पाचशे झाली, चौथ्या दिवशी नऊशे, पुढचे दोन दिवस हजाराच्या वर. संयोगिता आठवड्यात पहिल्यांदा हसली. डायलिसिस लांबलं. ती हौसेनं पाण्याचा जास्तीचा पेला भरून देई आणि आबा तो मुकाट्यानं संपवत.

सातव्या सकाळी त्यांना आडवं होता येईना, धाप लागली. पाय सुजले होते, वजन अडीच किलोनं वाढलं होतं. एवढं बाहेर पडतंय तर वजन कशानं वाढतंय, असं डॉक्टरांनी वही चाळत विचारलं. संयोगितानं भांडं खिडकीपाशी नेलं. पहिल्या दिवशी काळ्या चहासारखी असलेली लघवी आता जवळपास पाण्याच्या रंगाची होती.

"आबा, ह्यात पाणी घातलंय?"

आबांनी तोंड भिंतीकडं वळवलं. "व्हय."

"एवढी तहान लागली होती? मला सांगायचं."

"तहानंचं काय न्हाय. चोरून प्यायचं आस्तं तर नळ हुताच की तितं. आकडा लिवताना तुझं त्वांड बघवंना मला."

ती उठली आणि डॉक्टरांना सांगून आली. त्याच दुपारी डायलिसिस झालं, मग एक दिवसाआड आणखी दोनदा. वहीतला आकडा दोनशेच्या वर जाईना, आणि आता लिहिताना ती मुद्दाम आबांकडं बघून काहीतरी गावाकडचं बोले.

बाराव्या दिवशी संडासाच्या दारातून आबांनी तिला हाक मारली.

"हितंच हुबी ऱ्हा. दार उघडं आसू दे. माझ्या मापावर इस्वास ठिवू नगंस."

संयोगितानं त्यांच्याकडं पाठ केली आणि ऐकत उभी राहिली. भांड्यातला आवाज बराच वेळ थांबला नाही.