सात झाडांचं उत्पन्न

चिकूच्या बाबतीत दौलतकाकांच्या तोंडून खरा आकडा कधी निघाला नाही. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. डहाणूचा कुठलाही वाडीवाला घ्या, पाहुण्याला वाडी दाखवायला लागला की झाडाचं वजन वाढतंच. पाहुणाही मनातल्या मनात निम्मं करतो आणि मुकाट्याने चहा पितो.

गडबड एवढीच झाली, की त्या दिवशी आलेला माणूस पाहुणा नव्हता. वाडीपुढचा रस्ता रुंद होणार होता, त्यात कुंपणाकडची सात झाडं जाणार होती, आणि त्यांची भरपाई ठरवायला तो आला होता.

"झाडामागे वर्षाला किती निघतात, काका?"

"चारशे किलो कुठे गेले नाहीत," काका म्हणाले, आणि त्याने तसंच लिहून घेतलं.

शेजारी जमना चिकू निवडत बसली होती. वीस वर्षं त्या झाडांची फळं तीच उतरवायची. झाडं म्हातारी झाली होती, पन्नास किलो निघाले तरी पुष्कळ, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण ती मान खाली घालून निवडत राहिली.

दोन महिन्यांनी काकांचा पुतण्या विपुल आला. तो नगरसेवक, म्हणजे बातमी पोटात ठेवणं त्याला जमत नाही.

"रस्त्याचा खर्च वाढलाय, काका. सरकारचा वाटा ठरलेला, वरचं सगळं नगरपालिकेच्या माथी. तेवढं झेपत नाही. शेवटचा तुकडा गाळायचं चाललंय."

"कुठला तुकडा?"

"जमनाच्या पाड्याकडचा. उद्या सभा आहे."

"एवढा कशाने वाढला?"

"डांबर महागलं, खडी महागली. पण सगळ्यात जास्त भरपाई वाढली." विपुल हसला. "तुमचीच की. तुमचं तर भलं झालं."

काकांना चहा गोड लागेना. विपुल गेल्यावर बकुळाकाकूंनी विचारलं, "चारशे सांगितलेत?"

"बोलून गेलो."

"मग उद्या जाऊन पुन्हा बोलून या."

सांगणं सोपं होतं. सभेला सगळे वाडीवाले येणार, आणि त्यांच्यादेखत आपली झाडं फळत नाहीत म्हणायचं? काकांना त्या नुसत्या विचाराने लाज वाटली. सकाळी ते जमनाजवळ जाऊन उभे राहिले.

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुझ्या झाडांची अब्रू मी कशाला काढू, काका?" जमना त्यांना पहिल्यापासून अरेतुरे करायची.

"तुमचा रस्ता जातोय त्यात."

"कळलं मला. पावसात पोरं चिखलातून शाळेत जातात, तशीच जातील." तिने टोपली उचलली आणि कामाला लागली. मागितलं काहीच नाही. तेच काकांना जास्त लागलं.

दुपारी सभेत काका उभे राहिले. पुढच्या रांगेत सगळी ओळखीची तोंडं.

"माझ्या सात झाडांचं उत्पन्न चुकीचं लिहिलंय. चूक माझी. मी फुशारकी मारली. ती झाडं आता फळत नाहीत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांचे कान तापले, पण ते बसले नाहीत.

नगरपालिकेच्या साहेबांनी चष्मा सारखा केला. "मग खरं किती?"

"माझं आता कोण खरं मानणार? जमनाला विचारा. फळं ती उतरवते."

जमना दाराशी पाड्यावरच्या बायकांत उभी होती. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तिने क्षणभर काकांकडे पाहिलं.

"साठ किलो," ती म्हणाली. "झाडामागे."

साहेबांनी शेजारच्याशी हलक्या आवाजात बोलून कागदावर आकडेमोड केली. झाडं पुन्हा पाहून घेऊ, म्हणाले, पण एवढंच असेल तर पाड्याचा तुकडा गाळायची गरज नाही. दाराशी बायकांची कुजबुज झाली.

काका खाली बसले आणि उपरण्याने तोंड पुसलं. झाडामागचे वरचे दहा किलो जमनाने पदरचे घातले होते.